वाचकांचे प्रश्न : ठेका, टाळ आणि मधली शांतता

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात एक पेटी, एक पखवाज आणि आठ टाळकरी आहेत. सगळे तालाला पक्के आहेत, तरी अभंग चढत नाही. सुरुवात जोरात होते आणि तिसऱ्या चरणापर्यंत ऐकणारे चुळबुळ करू लागतात. चूक कुठे होते? (भजनी मंडळ, कराड)

उत्तर : सुरुवात जोरात होते, हीच चूक. पहिल्या ओळीलाच दहाही वाद्यं भरून वाजली की पुढे वाढवायला हाती काही उरत नाही. पुढच्या भजनाला असं करून पाहा. ध्रुपद, म्हणजे अभंगाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पहिल्यांदा फक्त पेटीवर घ्या, ताल न धरता. दुसऱ्यांदा एकटा पखवाज येऊ द्या, साधा ठेका, एकही जादा बोल नाही. त्यानंतर टाळ येतील, पण दाबून. म्हणजे आघात झाल्यावर वाट्या एकमेकींना टेकलेल्या राहतील आणि नाद लांबणार नाही.

चरण सुरू असेपर्यंत टाळ असेच दाबलेले ठेवा. खुल्या टाळेचा झणकार फार उंच स्वराचा असतो. स, च, त, ट ही व्यंजनं कानाला कळतात तीही साधारण त्याच उंचीवर. आठ जोड्या खुल्या वाजल्या की गायकाचा सूर ऐकू येतो, पण शब्द विरघळून जातात. अभंगात शब्द गेला तर सगळंच गेलं. चरण संपवून ध्रुपदावर परतताना मात्र सगळ्या टाळा एकदम सोडा. दीड-दोन मिनिटं दाबून ठेवलेला नाद त्या क्षणी मोकळा होतो, आणि अंगावर काटा येतो तो नेमका तिथे.

दुसरी गोष्ट लयीची. बहुतेक मंडळं रंग आणायचा म्हणून लय वाढवतात. मिनिटाला सत्तर मात्रांनी (तालाच्या ठोक्यांनी) सुरू झालेला अभंग शेवटी एकशे वीसवर जातो आणि गायकाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. लय वाढवणं आणि लग्गी लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्गीत मात्रेचा वेग तोच राहतो, एका मात्रेतले आघात दुप्पट होतात. ऐकणाऱ्याला गती वाढल्यासारखी वाटते आणि शब्द मात्र आपल्या जागी शांतपणे उच्चारले जातात. लय सत्तरवरून नव्वदच्या पुढे नेऊ नका, बाकीचं काम लग्गीकडून करून घ्या. लग्गी शेवटच्या चरणानंतरच, आणि ती संपवून पुन्हा साध्या ठेक्यावर या.

तिहाईचंही, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून ठरलेल्या मात्रेवर संपवण्याचंही, सांगायला हवं, कारण रंगलेला अभंग पुष्कळदा तिथेच पडतो. आठ मात्रांच्या ठेक्यात सर्वांत सोपी तिहाई तीन मात्रांच्या तुकड्याची. 'ति ट धा' तीनदा, एका मात्रेला एक बोल. पहिल्या मात्रेवर सुरू केली तर एकूण नऊ मात्रा होतात आणि शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर, म्हणजे ठेक्याच्या पुढच्या फेरीतल्या पहिल्या मात्रेवर, येतो. आता तुमच्या ध्रुपदाचा पहिला शब्द सातव्या मात्रेवरून उठत असेल, तर तिहाईचा तिसरा तुकडा थेट त्या शब्दावर आदळतो. अशा चालीत तिहाई सातव्या मात्रेवरच सुरू करा. ती पुढच्या सातव्या मात्रेवर संपते आणि शेवटचा धा व गायकाचा पहिला शब्द एकत्र पडतात. पखवाजवाल्यांनी प्रत्येक अभंगाची उठायची मात्रा वहीत लिहून ठेवावी.

शेवटी कणकेकडे लक्ष द्या. पखवाजाच्या डाव्या पुडीवर (कातड्यावर) लावलेली कणीक तासाभराच्या भजनात वाळत जाते, वजन कमी होतं आणि धुमाचा, म्हणजे या डाव्या बाजूचा, स्वर चढतो. कडा सुटल्या तर फरफर आवाजही येतो. शेजारी वाटीत पाणी ठेवा, दर दोन-तीन अभंगांनंतर ओलं बोट फिरवा. धुमा उजव्या पुडीच्या षड्जाच्या ('सा'च्या) बरोबर एक सप्तक खाली बोलला पाहिजे. तो चढला की भजनाचा पायाच उथळ वाटू लागतो.

प्रश्न : घरी गाणी रेकॉर्ड करतो. मोबाइलमधला केरवा तालाचा लूप (तोच तुकडा सतत फिरवणारं रेकॉर्डिंग) लावला की चांगली चालही निर्जीव वाटते. तबलजी परवडत नाही. काही उपाय? (वाचक, मिरज)

उत्तर : आधी केरवा नीट ऐकू. 'धा गे ना ति, न क धि ना'. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, खालच्या स्वराच्या वाद्याचा) खुला नाद धा, गे आणि धि या तीनच बोलांत आहे. तिसऱ्या मात्रेपासून सहाव्यापर्यंत सलग चार मात्रा खालचा घुमारा नसतो. ठेका तिथे श्वास घेतो, आणि सातव्या मात्रेला धि आला की खालून कोणीतरी आधार दिल्यासारखं वाटतं. बऱ्याच तयार लूपमध्ये जोर यावा म्हणून प्रत्येक मात्रेवर खर्जाचा ठोका भरलेला असतो. आधार कायमचाच असला की त्याचं येणं जाणवत नाही.

दुसरं कारण डग्ग्याची मींड. वाजवणारा डाव्या तळहाताचा मनगटाजवळचा भाग पुडीवर दाबत पुढे सरकवतो, तेव्हा ताण वाढतो आणि 'गे'चा स्वर वर चढतो. माणसाचा आवाज हुंदक्यात किंवा लाडात असाच वळतो, म्हणून ही मींड थेट काळजाला भिडते. लूपमध्ये ती दर वेळी एकाच जागी, एकाच मापाची येते, आणि चौथ्या आवर्तनाला (ठेक्याच्या फेरीला) कान तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो.

उपाय स्वस्त आहे. लूपचा खर्ज इक्वलायझरवर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खाली कापून टाका. मग एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याकडून फक्त डग्गा वाजवून घ्या, संपूर्ण गाणंभर, एका बैठकीत. तुकडे जोडू नका. मुखडा पहिल्यांदा गाताना तबला अजिबात ठेवू नका. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीला एक आवर्तन सगळं बंद करा आणि मुखड्याच्या समेवर परत आणा. एवढ्यानं चाल उठेल.

प्रश्न : मुलगी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गाते. तबला त्या स्वराला चढवला तर कर्कश वाटतो आणि पुडी फाटायची भीती वाटते. पावसाळ्यात तर तो स्वरात राहतच नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर : षड्जालाच मिळवला पाहिजे असं नाही. काळी चारचा मध्यम ('म') म्हणजे काळी एक आणि पंचम ('प') म्हणजे काळी दोन. सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) या दोन्ही स्वरांना सुखानं बोलतो. रागात शुद्ध मध्यम नसेल तर पंचम निवडा. मोठ्या तोंडाचा तबला ओढून चढवू नका. पुडी ताठरते, 'ना' टोचतो आणि 'तिं'ची आस (मागे रेंगाळणारा नाद) तुटते. करुण गाण्यात ही आसच कामाची असते.

आधी वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून स्वराच्या जवळ या, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) हातोडी. वरून मारलं की स्वर चढतो, खालून मारलं की उतरतो. गजऱ्याची सोळा घरं (वादीच्या वेढ्यांमधल्या जागा) ओळीनं घेऊ नका. एक घर, मग त्याच्या समोरचं, असं जा. नाहीतर शाई (पुडीवरचा काळा गोल) एका बाजूला ओढली जाते आणि प्रत्येक घराचा 'ना' वेगळा येतो.

पावसाळ्यात चामडं दमट होऊन सैलावतं, वातानुकूलित सभागृहात आणि दिव्यांखाली ते सुकून चढतं. म्हणून तबला कार्यक्रमाच्या निदान अर्धा तास आधी रंगमंचावर, खोळ काढून ठेवा आणि त्यानंतरच मिळवा. हीटर किंवा केस वाळवायचं यंत्र जवळ नेऊ नका, शाईला भेगा पडतात. लोहचूर्ण आणि खळीच्या पातळ थरांनी बनलेल्या या शाईमुळेच तबल्याला स्वर आहे. तिच्या वजनामुळे कातड्याचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) मूळ स्वराच्या पूर्णांक पटींत येतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवून दिलं. ताशाला असा ठाम स्वर नाही. ताशा रक्त उसळवतो, पण गायकाच्या षड्जात मिसळून जाणं तबला, पखवाज आणि शाईची ढोलकी यांनाच जमतं.

प्रश्न : आमच्या लावणीच्या कार्यक्रमात ढोलकी छान वाजते, पण गाणारीचे शब्द ऐकू येत नाहीत. ध्वनिव्यवस्थेत बदल करू का? (वाचक, नारायणगाव)

उत्तर : आधी वाजवण्यात बदल करा. शब्द चालू असताना ढोलकीनं ठेका धरावा आणि ओळ संपते तिथे बोलावं. ओळीच्या शेवटी दोन-तीन मात्रांची जागा मिळते, तिथला एक तोडा (छोटा बांधीव तुकडा) शब्दांवर टाकलेल्या दहा तोड्यांपेक्षा जास्त टाळ्या घेतो. लावणीत अदा शब्दावर होते, तेव्हा त्या शब्दाच्या आधी ढोलकी, हलगी, कडे (धातूचं तालवाद्य) सगळं अर्धी मात्रा थांबवून पाहा. मग शब्द, आणि समेवर ढोलकीचा घुमारा व चाळांचा ठोका एकत्र. ही थांब तालमीत दहा-वीस वेळा बसवावी लागते, एक जण चुकला तरी ती विस्कटते.

ध्वनिव्यवस्थेत एवढंच करा : शाईच्या बाजूचा माइक वीतभर दूर ठेवा. अगदी जवळ असला की थापेचा तडाखा तेवढा येतो, स्वर येत नाही. ढोलकी गाणारीच्या षड्जाला किंवा पंचमाला मिळवलेली असू द्या. बेसूर ढोलकी आवाज कमी केला तरी खुपतच राहते.

प्रश्न : गोव्यातलं घुमट इतकं साधं वाद्य असूनही मांडोत (गोव्यातल्या कोंकणी गीतप्रकारात) इतकं आर्त कसं वाटतं? मडगावला नातेवाइकांकडे ऐकलं. आता ते मिळतं का? (वाचक, पुणे)

उत्तर : घुमट म्हणजे दोन्हीकडे उघडं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मोकळं. एका हातानं कातड्यावर वाजवायचं, दुसऱ्या तळव्यानं लहान तोंड झाकायचं-उघडायचं. त्यामुळे आतल्या हवेचा घुमारा बदलतो आणि नाद उसासा टाकल्यासारखा येतो. मांडोची लय संथ असल्यानं प्रत्येक उसाशाला पुरेशी जागा मिळते, शिवाय वर व्हायोलिनचा लांब सूर असतो. आरतीत शामेळ (छोटं चर्मवाद्य) आणि कांसाळ्याच्या (झांजेच्या) जोडीनं हेच घुमट जलद वाजतं आणि उत्साहाचं होतं.

गोवा सरकारनं 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसावाद्य जाहीर केलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे तसं घुमट कोणी देऊ केलं तर घेऊ नका. आता शेळी-बोकडाच्या कातड्याचं मिळतं. घेताना लहान तोंडावर तळवा ठेवून आणि काढून वाजवून पाहा, दोन्ही नादांत स्पष्ट फरक आला पाहिजे. मडक्याला बारीक तडा असेल तर टिचकी मारल्यावर ठणठणीत आवाज न येता भद्द आवाज येतो. पुण्याला आणताना त्याच्या पोटात कापड भरा आणि कातडं दमट झालं तर वाजवण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा.