दारात निरोप, आणि पुढचे तीन तास

प्रश्न: मुलगा जर्मनीत शिकतो, वर्षातनं एकदा येतो. सोडायला आम्ही सांगलीहून मुंबई एअरपोर्टला जातो. तो काचेच्या दारातनं आत गेला तरी माझा पाय निघत नाही, मिस्टर म्हणतात चल की, पेठ नाक्याला पोचायला सकाळ व्हायची. हाच पोरगा पुण्याला होता तेव्हा सांगली स्टँडवर कधी डोळ्यात पाणी आलं नाही. आणि खरं सांगू, तिथं थांबायला मला आवडतंय पण! असं का?
– एक आई, विश्रामबाग

उत्तर: ताई, एसटीचं कसं असतं, पोरगा खिडकीत, तुम्ही खाली, पाण्याची बाटली दिली, डबा दिला, पोचल्यावर फोन कर असं चारदा सांगून झालं, मग कंडक्टरनं डबल बेल मारली आणि गाडी तुमच्या डोळ्यांदेखत वळून गेली. गेला म्हणजे गेला. एअरपोर्टवर तसं नाही. दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो (१९९९ च्या डिसेंबरात विमान पळवून कंदाहारला नेलं, त्यानंतर २००० पासून हे दल एअरपोर्टवर आलं), तिकीट नसलेला माणूस बाहेरच. म्हणजे निरोप मिनिटात उरकतो, पण जाणं पुढं तीन तास चालूच. पोरगा भिंतीपलीकडंच असतो, मेसेज येत राहतात, बॅग दिली, इमिग्रेशन झालं, गेटला बसलोय. अजून गेला नाही आणि हाताला पण लागत नाही. मग पाय निघणार कसा?

त्यात २३ किलोच्या वर गेलं म्हणून बॅगेतनं काढलेलं भडंग परत सांगलीला येतं, ते आमच्या घरात आठ दिवस कोण खात नाही.

आवडतं त्याचं कारण सोपं आहे. तिथं सगळेच रडणारे, कोण कुणाला विचारत नाही. आपल्या स्टँडवर डोळे पुसले असते तर तिघीजणी आल्या असत्या, काय झालं वहिनी म्हणत.

आपल्या सांगलीजवळ कवलापूरला विमान कधी उतरायचं तेव्हा उतरो, पण पुढच्या वेळी त्याला कोल्हापूरहून मुंबईच्या विमानात बसवून बघा, वेळ जुळत असली तर. तिथलं उजळाईवाडीचं एअरपोर्ट आपल्यापासनं तास-सव्वा तास. सोडून झालं की बाहेर रस्त्याकडंला गाडी लावा, विमान वर जाताना दिसेल. रडायचं ते तिथंच रडून घ्या, जेवायला घरी.