फिल्डर नालायक होता का? आधी कुकरच्या रिंगांचं ऐका

"क्रिमियन युद्धात ब्रिटिश फौजेच्या रसदीचा प्रमुख फिल्डर. इतका नालायक माणूस त्या पदावर पोचलाच कसा?" असं विचारलंय. विचारणाऱ्याने आयुष्यात इंडेंट, म्हणजे मालाचं मागणीपत्र, भरलेला नाही, हे उघड आहे.

मी बावीस वर्षं फौजेत रसद सांभाळली. एका हिवाळ्यात उंचावरच्या चौकीला राजमा वेळेवर पोचवला, पण कुकरच्या रबरी रिंगा आल्याच नाहीत. तितक्या उंचीवर कुकरशिवाय राजमा दिवसभर रटरटला तरी दाताखाली खडा. रिंगा मी ऑगस्टातच मागितल्या होत्या. "भांडी की सुटे भाग?" या घोळात कागद वर कुणाच्या तरी टेबलावर पडून. शिव्या मला. एका जवानाने गाडीवाल्याबरोबर मूठभर राजमा पुडीत बांधून खाली पाठवला. वर चिठ्ठी: "साहेब, तुम्हीच खा."

फिल्डरचा राजमा म्हणजे कच्ची कॉफी. १८५४च्या थंडीत रशियाच्या सेव्हास्तोपोल बंदराला वेढा घालून बसलेल्या शिपायांना हिरव्या बिया मिळाल्या. भाजायला ना भांडं, ना सरपण. माणूस नवखा नव्हता हो! नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधल्या लढायांपासून याच कामात मुरलेला, साठी उलटल्यावर निवृत्तीतून परत बोलावलेला. आणि हे खातं सुरुवातीला लष्कराचं नव्हतंच, ट्रेझरीच्या, म्हणजे ब्रिटिश अर्थखात्याच्या, ताब्यातलं मुलकी. त्याने इंग्लंडहून २,००० टन गवत मागवलं, आलं किरकोळ. १४ नोव्हेंबरच्या वादळात समुद्रावरचा चाराही बुडाला. ओझी वाहणारी जनावरं मेली, मग बालाक्लाव्याच्या बंदरात, जिथे ब्रिटिशांची रसद उतरायची, माल कुजतोय आणि दहा-अकरा किलोमीटर चिखलापलीकडे माणसं उपाशी. १८५६ साली चेल्सीच्या चौकशी मंडळानेही चाऱ्याचा ठपका ट्रेझरीवरच ठेवला.

लिंबाच्या रसाचं मात्र मी त्याच्या बाजूने बोलणार नाही. डिसेंबरात बंदरात आलेला रस फेब्रुवारीत वाटला, तोवर स्कर्व्हीने, म्हणजे 'क' जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, हिरड्या सडत होत्या.

पुरवठ्यात जाणाऱ्यांनी इंडेंटची पोच, तारखेच्या शिक्क्यासह, स्वतःच्या ट्रंकेत ठेवावी. माझी अजून आहे. आमचा मेहुणा पायदळातला, दर कार्याला चारचौघांत म्हणतो, "दाजींनी सीमेवर किराणा विकला." परवा बारशाला मी ती पोच त्याच्या पुढ्यात ठेवली. चष्मा लावून त्याने नीट वाचली.

"पण दाजी," म्हणाला, "राजमा शिजला नाही ना?"