सायलेंट व्हॅलीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

केरळचं सदाहरित जंगल पाहायचं ठरवलंत, छान केलंत. एक गोष्ट आधीच सांगतो, वाघ-हत्ती दिसतील या आशेवर जाऊ नका. इथे झाडं बघायची आणि सिंहपुच्छी माकडं.

मुंबईहून कोकण रेल्वेने शोरणूर, मग रस्त्याने मन्नारक्काड आणि मुक्काली. आत स्वतःची गाडी चालत नाही. मुक्कालीहून वनखात्याची जीप सैरंध्रीपर्यंत नेते, सुमारे २३ किलोमीटर. जागा आधीच राखून ठेवा आणि सकाळची पहिली फेरी घ्या, कारण माकडं तेव्हा खाण्यात गुंतलेली असतात. कुलेनियाचं झाड गाइडला दाखवायला सांगा. त्याची फुलं थेट फांद्यांवर लगडतात, फळं काटेरी असतात, आणि या माकडांचा तो मोठा आधार आहे. त्या झाडाखाली शांतपणे थांबलात तर काळ्या अंगावरची राखाडी आयाळ नीट दिसेल. सैरंध्रीच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढून खाली कुंती नदी जरूर बघा. तिच्यावरचा धरण प्रकल्प लोकांनी लढून थांबवला, म्हणून १९८४ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं.

पावसाळ्यात जळवा फार. पँट मोज्यांत खोचा. चिकटलीच तर ओढू नका, नख कातडीला टेकवून तिचं तोंड बाजूला सरकवा. पहिल्या खेपेला डिसेंबर ते फेब्रुवारीच बरा. भडक कपडे आणि अत्तर मात्र घरीच ठेवा.