आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर कोणी शोधला?

आपल्याकडे वाटण-चटणीसाठी वापरतात तो मिक्सर सत्यप्रकाश माथुर यांनी घडवला. हे सीमेन्स कंपनीत इंजिनिअर होते. १९६० च्या दशकात त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला आणि इथे दुरुस्त होईना, तेव्हा भारतीय वाटणाला पुरून उरेल असं यंत्र करायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यातूनच ‘सुमीत’ नावाचा मिक्सर बाजारात आला. जुन्या घरांत अजूनही सगळ्याच मिक्सरना ‘सुमीत’ म्हणणारी एखादी आजी सापडते.

खरी अडचण मोटरची होती. परदेशी यंत्रं पातळ पदार्थांसाठी केलेली. मिल्कशेक भोवऱ्यासारखा फिरत पात्याकडे खाली येतो, पण ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे आणि जेमतेम दोन चमचे पाणी घातलं तर गोळा भांड्याच्या कडेला चिकटतो, पातं नुसतंच फिरतं किंवा अडकतं आणि मोटर तापते. त्यासाठी जास्त ताकदीची मोटर, भक्कम पातं आणि स्टीलचं भांडं हवं.

मात्र ‘शोध’ हा शब्द जपून वापरा. भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं ही मूळ कल्पना अमेरिकेतल्या स्टीफन पॉप्लॉव्स्की यांची. त्यांनी १९२२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता, तेही माल्टेड मिल्कसारखी पेयं घुसळायला. इडलीचं पीठ वाटणारा वेट ग्राइंडर हे तर वेगळंच यंत्र, त्यात दगडच फिरतो.