झिकोपासून नव्हे, काशिमापासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

जपानच्या जे लीग या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामावरचा तुझा मसुदा मी दोनदा वाचला. मेहनत पानोपानी दिसते. मात्र पहिली दोन पाने ब्राझीलचा झिको, इंग्लंडचा गॅरी लिनेकर, पिएर लिटबार्स्की आणि रामोन दियाझ या चौघांनीच व्यापली आहेत, त्यामुळे परदेशी खेळाडू विकत आणले आणि लीग उभी राहिली, असा वाचकाचा समज होईल. हा मोह मला ठाऊक आहे. 1993 साली मी क्रीडा विभागात काम करत होतो आणि जे लीगची बातमी आमच्या टेबलावर यायची ती बहुधा झिकोच्या नावानेच यायची. तरीही तुला आग्रहाने सांगतो की लेखाची सुरुवात खेळाडूंपासून करू नकोस, गावांपासून कर.

15 मे 1993 च्या शनिवारी संध्याकाळी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर वेर्दी कावासाकी आणि योकोहामा मारिनोस यांच्यात झालेला उद्घाटनाचा सामना तू उत्तम रंगवला आहेस. 59,626 प्रेक्षक, लीगचे अध्यक्ष साबुरो कावाबुची यांचे अगदी मोजक्या वाक्यांचे भाषण, वेर्दीच्या हेनी मायर या डच खेळाडूने केलेला लीगमधला पहिला गोल, आणि अखेर एव्हर्टन व दियाझ यांच्या गोलांमुळे मारिनोसने 2-1 असा जिंकलेला सामना, हे सारे लेखात राहू दे, पण एका परिच्छेदात उरक. राजधानीतल्या रोषणाईपेक्षा दुसऱ्या दिवशी काशिमात जे घडले त्याला जास्त जागा दे.

काशिमा म्हणजे इबाराकी प्रांतातले, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरचे एक लहान गाव. तिथे सुमितोमो मेटलचा पोलाद कारखाना होता आणि त्या कारखान्याचा संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. नव्या व्यावसायिक लीगमध्ये या संघाला जागा मिळणे जवळपास अशक्य मानले जात होते. त्यासाठी पंधरा हजार प्रेक्षकांचे, छप्पर असलेले, केवळ फुटबॉलसाठीचे मैदान उभारावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. त्या काळी जपानमध्ये असे मैदान कुठेच नव्हते. कारखाना आणि स्थानिक प्रशासन यांनी मिळून ते उभारले. झिको तिथे 1991 मध्येच आला होता, म्हणजे लीग सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, दुसऱ्या श्रेणीच्या संघात. तुझ्या मसुद्यात तो 1993 मध्ये अचानक अवतरल्यासारखा वाटतो, ती चूक आधी दुरुस्त कर. 16 मे रोजी त्या नव्या मैदानावर काशिमा अँटलर्सने लिनेकरच्या नागोया ग्रॅम्पस एटला 5-0 असे हरवले. झिकोने तीन गोल केले, त्यातला एक फ्री किकवर होता, आणि उरलेले दोन अल्सिंदोने केले. तेव्हा झिकोचे वय चाळीस होते. लीगमधली ही पहिली हॅटट्रिक आणि गावाने बांधलेले ते मैदान एकाच दृश्यात आले, तर वाचकाला वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

यानंतर संघांच्या नावांकडे वळ. 1965 पासून चालत आलेली जुनी जपान सॉकर लीग ही कंपन्यांच्या संघांची होती, खेळाडू त्या कंपन्यांचे नोकर असत आणि प्रेक्षक तुरळक असत. कावाबुचींनी आग्रह धरला की नव्या संघाच्या नावात गाव असेल, कंपनी नसेल. वेर्दीचा मालक असलेल्या योमिउरी वृत्तपत्रसमूहाला हे मुळीच रुचले नाही आणि तो वाद बरीच वर्षे धुमसत राहिला. नावे कशी घडली ते जरूर लिही. काशिमा या नावात हरणाचे चिन्हाक्षर आहे, म्हणून संघ झाला अँटलर्स, म्हणजे हरणाची शिंगे. हिरोशिमाच्या सानफ्रेच्चेमध्ये जपानी ‘तीन’ आणि इटालियन ‘बाण’ यांचा जोड आहे. एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत, असे आपल्या मुलांना शिकवणाऱ्या मोरी मोतोनारी या सरदाराची कथा त्यामागे आहे. आपल्याकडच्या मोळीच्या गोष्टीची ती सख्खी बहीणच म्हणायची. तू कोल्हापूरचा आहेस. शाहू स्टेडियमवर पेठांच्या आणि तालमींच्या नावाने लढणारे संघ लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला गावाचे नाव अंगावर घालून खेळणे म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. ही जाण लेखात दिसायला हवी.

नियमांबद्दल थोडेच लिही, पण अचूक लिही. त्या हंगामात बरोबरी नव्हती. नव्वद मिनिटांत निकाल न लागल्यास जादा वेळ खेळवला जाई, त्यात पहिला गोल करणारा जिंकत असे, आणि तरीही कोंडी न फुटल्यास पेनल्टी शूटआउट होई. क्रमवारी गुणांवर नव्हे, विजयांच्या संख्येवर ठरत असे. हंगाम दोन टप्प्यांचा होता आणि दहा संघांतला प्रत्येक संघ एका टप्प्यात अठरा सामने खेळला. पहिला टप्पा काशिमाने जिंकला आणि दुसरा वेर्दीने. जानेवारी 1994 मधल्या दोन निर्णायक सामन्यांत वेर्दीने 2-0 आणि 1-1 अशी सरशी केली. हे दोन्ही सामने टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावरच झाले, याची काशिमाच्या बाजूने झालेली तक्रार मला रास्त वाटते. दुसऱ्या सामन्यात पेनल्टीसाठी ठेवलेल्या चेंडूवर झिको थुंकला आणि त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. ही घटना टाळू नकोस, पण तिला लेखाचा कळसही बनवू नकोस.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. तक्त्याच्या तळाशी बघ. उरावा रेड डायमंड्स दोन्ही टप्प्यांत शेवटच्या क्रमांकावर राहिला. छत्तीसपैकी त्याने आठच सामने जिंकले, तर वेर्दीने अठ्ठावीस. तरीही उरावाचे लोक मैदानावर येत राहिले आणि पुढे तोच संघ देशातल्या सर्वाधिक प्रेक्षकसंख्येच्या संघांपैकी एक झाला, 2007 मध्ये आशियाई विजेताही ठरला. पहिल्या दोन्ही हंगामांचा विजेता वेर्दी मात्र 2001 मध्ये कावासाकी सोडून टोकियोला गेला आणि 2005 मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. तुझ्या मसुद्यात उरावाला एक ओळ मिळाली आहे. किमान दोन परिच्छेद हवेत.

दोहाची रात्र, म्हणजे कतारमधला विश्वचषक पात्रता फेरीचा शेवटचा सामना, मूळ कथेपासून तोडू नकोस. 28 ऑक्टोबर 1993 रोजी इराकविरुद्ध जपान 2-1 असा पुढे होता, पहिली विश्वचषकवारी अगदी हाताशी आली होती, आणि भरपाईच्या वेळेत कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर जाफर ओम्रानने डोक्याने बरोबरी साधली, आणि ती वारी हुकली. त्या रात्री जपानचा दुसरा गोल करणाऱ्या मासाशी नाकायामाचा यामाहा संघ तेव्हा जे लीगमध्ये नव्हताच, हे वाचकाला सांग. दहा संघ म्हणजे सारे जपानी फुटबॉल नव्हे, हे त्यातून आपोआप कळेल.

प्रेक्षकांचे आकडे एकाच वर्षाचे देऊ नकोस. सरासरी 1993 मध्ये 17,976 होती, 1994 मध्ये 19,598 झाली आणि 1997 मध्ये 10,131 वर आली. पहिल्या दहांपैकी योकोहामा फ्लूगेल्स हा संघ तर मारिनोसमध्ये विलीन करण्याचा निर्णय 1998 मध्ये जाहीर झाला. 1 जानेवारी 1999 रोजी सम्राट चषक जिंकून त्या खेळाडूंनी आपला शेवटचा सामना संपवला, आणि संघ गमावलेल्या चाहत्यांनी योकोहामा एफसी हा नवा संघ उभा केला. हे लिहिताना घाई करू नकोस.

शिमिझु एस-पल्सचा तू उल्लेखही केलेला नाहीस. जुन्या लीगमधून न आलेला, गावकऱ्यांच्या पाठबळावर उभा राहिलेला दहांतला तो एकमेव संघ, आणि छत्तीस सामन्यांचा एकत्रित हिशेब केला तर चोवीस विजयांसह तो वेर्दीच्या खालोखाल येतो. त्याच्यावर स्वतंत्र भाग लिहून मसुदा पुन्हा पाठव. मी वाट पाहतो.

तुझा,
काका