आमचा बॉर्डर कॉली पळणाऱ्या मुलांच्या टाचा धरतो. सासरे म्हणतात, मेंढरांचं कुत्रं आहे, गावी धनगराला देऊन टाका. द्यावा का?

देऊ नका. हाच सल्ला माझ्या थोरल्या बंधूंनी मला दिला होता, म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडं कोल्हापूरजवळ ऊस तुटून गेला की रानात मेंढरं बसवतात. लेंडीखत जमिनीला मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. असाच एक कळप आमच्या रानात बसला होता. बंधूंचं पालुपद एकच: "मेंढराचं कुत्रं हाय, मेंढरात सोड. बांधून कशाला ठेवलंयस?" मी नको नको म्हणत होतो. मी वैरणीला गेलो तेवढ्यात त्यांनी माझ्या कॉलीची साखळी सोडली.

मी बांधावर आलो तेव्हा कुत्रं मान खाली घालून, नजर रोखून, लांबून अर्धगोल मारत निघालं होतं. भुंकणं अजिबात नाही. मेंढरं एका जागी दाटली. बंधू खूश! पण इकडची मेंढरं धनगराच्या हाकेवर त्याच्या मागनं चालतात, कुत्र्याच्या धाकानं चालायची त्यांना सवय नाही. कळप फुटला आणि पाटाकडं उधळला. त्यात गाभण मेंढ्या होत्या. तेवढ्यात धनगराची कुत्री उठली आणि माझ्या कुत्र्याचा कान फाडला. धनगर बंधूंना म्हणाला, "पाव्हणं, माझी कुत्री लांडग्यासाठी हाईत. मेंढरं मी हाकतो." बंधू आजही म्हणतात, सवय झाली असती. नसती झाली.

राखणारं कुत्रं वेगळं आणि वळणारं वेगळं. धनगराचं कुत्रं कळपातच वाढतं, मेंढरांत झोपतं, परक्यावर धावतं. कॉली स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचा. १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा आजच्या बहुतेक कॉलींचा मूळपुरुष. तो न भुंकता नुसत्या नजरेनं मेंढरं हलवायचा, म्हणून लोकांनी त्याची पैदास वाढवली. मुळात ही शिकारच आहे: हेरायचं, रोखून बघायचं, दबकत सरकायचं, पाठलाग करायचा. शेवटचा चावा आणि मारणं तेवढं पिढ्यान्‌पिढ्या निवडून मागं पाडलंय. त्यामुळं "तो मुलांची काळजी घेतो" असं कौतुकानं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. हलणारं दिसलं की त्याला ते वळवायचं असतं, मग पोरगं असो नाहीतर मोटरसायकल. टाच धरणं ही खरी कॉर्गीची, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगची रीत, गुरं हाकायची. कॉली सहसा लांबून वेढा घालतो, पण पोरं किंचाळत पळाली की त्याचेही दात पुढं येतात.

मारू नका. मारून नजर हटत नाही, फक्त तुमचा हात दिसला की तो लपायला शिकतो. मुलांना सांगा, तो मागं लागला की जागेवर उभं राहायचं. तुम्ही त्याला नजर खिळायच्या आधी हाक मारा, एकदा खिळली की कानात काही शिरत नाही. मुलं खेळत असताना सुरुवातीला दोरी हातातच ठेवा. आणि तासन्‌तास चेंडू फेकून दमवायचा नाद सोडा, त्यानं पाठलागाचं वेड वाढतं. घरात खाऊ लपवून वासानं शोधायला लावा, "बस" आणि "सोड" रोज घोटून घ्या. आमच्या कुत्र्यासंगं पोरं निर्धास्त खेळतात ती यामुळं, साखळीमुळं नाही. सासऱ्यांना हे वाचून दाखवा. आमच्या बंधूंना मी तोंडावर सांगून झालंय.

एक मात्र, हे सगळं टाच हलकी धरून सोडणाऱ्या कुत्र्याबद्दल. अंग ताठ करून गुरगुरत असेल, खाताना किंवा झोपेतून उठवल्यावर चावत असेल तर ते वळणं नव्हे, आधी पशुवैद्याकडं न्या, कुठं दुखत असलं तरी कुत्रं असं वागतं. आणि दात लागून कातडी फुटली तर घरचं कुत्रं म्हणून सोडून देऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.