न्यू जर्सीचा कर आणि कोथरूडचे भागीदार

प्रश्न : मी अमेरिकेचा नागरिक, पण काही वर्षांपासून कोथरूडला स्थायिक आहे. न्यू जर्सीत मित्रांबरोबरची भागीदारी मोडलेली नाही. माझ्या वाट्याला 12,000 डॉलर नफा आला आणि भागीदारीने माझ्या नावे 764 डॉलर राज्याचा कर भरला. सॉफ्टवेअरमध्ये फेडरल के-1 (भागीदाराचा वाटा दाखवणारा केंद्रीय कराचा कागद) नीट भरला, तरी हे 764 कुठेच दिसत नाहीत. उलट राज्याचं देणं निघतंय. पगारातून कापलेल्या कराच्या रकान्यात टाकू का?
– एक वाचक

उत्तर : अजिबात नको. तो रकाना डब्ल्यू-2 (पगाराचा दाखला) आणि 1099 (इतर उत्पन्नाचा दाखला) वर कापलेल्या कराचा. तुमच्याकडे त्यातला एकही कागद नाही, मग राज्याने रक्कम पडताळायची कशाशी?

फेडरल के-1 वर या कराला स्वतंत्र चौकटच नाही, म्हणून तो भरून राज्याच्या रिटर्नमध्ये काही उतरलं नाही. भागीदारीने दुसरा कागद दिला असेल, एनजेके-1, म्हणजे न्यू जर्सीचा के-1. त्यावर अनिवासी (न्यू जर्सीत न राहणाऱ्या) भागीदाराच्या वाट्याचा कर छापलेला असतो. सॉफ्टवेअरच्या न्यू जर्सी विभागात, अनिवासींच्या एनजे-1040एनआर या रिटर्न फॉर्ममध्ये जा. तिथे 'भागीदारीने तुमच्या वतीने भरलेला कर' अशा अर्थाची वेगळी ओळ आहे. रक्कम तिथेच. ओळीचा क्रमांक पाठ करू नका, नाव वाचा. मग फॉर्मची पीडीएफ उघडून आकडा खरंच उमटलाय ना ते डोळ्यांनी बघा. पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर मी तरी विसंबत नाही. एनजेके-1 ची प्रत रिटर्नला जोडायची, ती विसरू नका.

आता गंमत अशी की, तुम्हाला बहुधा पैसे परत मिळतील. व्यक्ती असलेल्या अनिवासी भागीदाराचा कर भागीदारी सरसकट 6.37 टक्क्यांनी भरते. एकट्याने रिटर्न भरणाऱ्याला हा दर 75,000 डॉलरच्या वरच्या टप्प्यात लागतो. खालचे टप्पे 1.4 टक्क्यांपासून सुरू होतात. मात्र दर ठरवताना न्यू जर्सी तुमचं जगभरचं उत्पन्न विचारात घेतं. इथलं भाडं, व्याज लपवून चालणार नाही.

भागीदारीने 'बेट' नावाचा पर्यायी कर निवडला असेल, तर त्याचा कागद पीटीई-के-1 आणि त्याची ओळही निराळी. दोन्ही एकत्र मिसळलेत तर निस्तरताना नाकी नऊ येतील.

(अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसलेल्या वाचकांनी वरचं फेडरल प्रकरण स्वतःला लावू नये. त्यांचा फेडरल फॉर्म 1040-एनआर, सोबत 8805 (परदेशी भागीदाराच्या नावे भागीदारीने भरलेल्या फेडरल कराचा दाखला). घरगुती वापराची सगळीच सॉफ्टवेअरं तो भरून देत नाहीत.)

राहिला पुण्याचा भाग. इथे तुम्ही करदृष्ट्या निवासी असाल तर हा नफा भारतीय रिटर्नमध्येही दाखवावा लागेल. भारत-अमेरिका कर करारात अमेरिकेचा फेडरल कर येतो, राज्यांचा नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या कराची सवलत मागण्याआधी सीएंना विचारा. आणि त्यांना 764 सांगू नका, परतावा वजा जाऊन उरलेला कर सांगा.